वरून ओतलेलं औषध

दूध आलं की बाबा आधी वास घ्यायचे. मग एक थेंब नखावरून ओघळू द्यायचे, त्याला किती वेळ लागतो ते बघायचे आणि आईला सांगायचे, "दूधच दिसतंय. पण उकळल्यावर बघ." रेशनचे तांदूळ ओंजळीत घेऊन फुंकर मारायचे. कुणी जरा जास्त गोड बोललं, की तो माणूस गेल्यावर त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहायचे. हा स्वभाव माझ्यात जसाच्या तसा उतरला. सून म्हणते, "आई, तुम्ही गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षरसुद्धा भिंग लावून वाचता." वाचते. का वाचू नये? मी उल्हासनगरात वाढले. आमच्या बाजारात साबणाच्या वेष्टनावर नामांकित नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं असायचं आणि आतला साबण घासून घासून हात दुखले तरी फेस द्यायचा नाही. अशा गावात वाढलेल्या माणसाला शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची सवय लागते, त्यात माझा काय दोष?

आम्ही कॅम्प एकमध्ये लष्कराच्या जुन्या बराकीत राहत होतो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांना त्या मिळालेल्या. पुढे कुणी कुणी आपल्या खोल्या भाड्याने दिल्या, त्यातली एक आमची. मधली भिंत छतापर्यंत जात नव्हती, वरचा हातभर भाग आम्ही गोणपाटाने झाकला होता. त्यामुळे पलीकडच्या मोहिनीदादींचं लाटणं सकाळपासून आमच्या घरात वाजायचं. दादी म्हणजे सिंधीत मोठी बहीण, हे मला बरंच मोठं झाल्यावर कळलं. तोवर एवढ्या तरुण बाईला सगळे आजी का म्हणतात, याचाही मला संशयच होता. त्या पापड लाटायच्या. दुपारी त्यांची कांदा घातलेली जाड कोकी तव्यावर पडली की वास आमच्याकडे, आणि आईने बोंबील भाजले की वास त्यांच्याकडे. "आज फिर मच्छी?" असं त्या भिंतीवरून ओरडायच्या. हे बोलणं बाबांना कधी पटलं नाही. "मच्छी आवडत नाही, की आपण आवडत नाही? नीट विचार तिला," म्हणायचे. आई म्हणायची, "अहो, परवा तिने वाटीभर मागून खाल्ली!" तर म्हणायचे, "मागून खाणारेच मागून बोलतात."

बाबा शहाडला कारखान्यात रंगखात्यात होते आणि बाहेर विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातल्या देवांची टोपली नदीपर्यंत बाबांच्याच डोक्यावर होती, असं ते अभिमानाने सांगायचे. तेव्हापासून कुठल्याही गोष्टीला त्यांचा प्रश्न एकच, "कारण काय?" आई मात्र बदलापूरच्या पलीकडची, नदीकाठच्या गावातली. तिच्या पत्र्याच्या पेटीत वेखंड, सुंठ, मुरुडशेंग, हिरडा असायचा आणि बराकीच्या मागे तुपाच्या रिकाम्या डब्यांतून अडुळसा आणि पानओवा लावलेला असायचा. खोकला आला की अडुळसा, पोट दुखलं की ओवा. याला बाबांची हरकत नव्हती, ओव्याला कारण होतं. पण मीठमोहऱ्या ओवाळलेल्या दिसल्या की घरात महाभारत. अंबरनाथला मावशीकडे जाताना बाबा आम्हाला मुद्दाम जुन्या देवळाकडून न्यायचे आणि म्हणायचे, "दगड बघा. हातांनी कोरलाय माणसांनी. आत जायचं कारण नाही." आईचं नेमकं तिथेच कपाळ खाजायचं. दर वेळी. हात कपाळाला, मान थोडी खाली. बाबा बघायचे आणि मी बाबांना बघताना बघायचे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. बाबा कधीही ओंजळीने पाणी पीत नसत. नळाखालीसुद्धा नाही. कितीही तहान लागो, भांडं हवं. लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांची आई ओंजळ धरून उभी राहायची आणि वाढणारी बाई हातभर वरून पाणी सोडायची, म्हणजे कळशीला आजीचा वारा नको. निम्मं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत जायचं आणि तिथून लुगड्यात. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही मी नळावर ओंजळ धरली म्हणून फटका मारल्यावर. तेव्हा मी पाचवीत असेन.

मी नववीत असताना, उन्हाळ्यात, आमच्या बराकीत तिघाचौघांना कावीळ झाली. बाबांचा संशय रसवंतीच्या बर्फावर. आम्हाला रस पिऊ दिला नाही आणि स्वतःच आजारी पडले. मोहिनीदादींनीच आधी ओळखलं. भिंतीपाशी उभ्या राहून ओरडल्या, "अरे भाईसाब, आंखें तो देखो अपनी! हल्दी हो गई है हल्दी!" बाबा म्हणाले, रंगखात्यातला रंग उडाला असेल. दोन दिवसांनी लघवी गर्द पिवळी झाली, अन्न बघितलं की ओकारी यायला लागली, तेव्हा कुठे डॉक्टरकडे निघाले. कॅम्पातल्या डॉक्टरांनी सांगितलं, याला खास असं औषध नसतं, पडून राहा, तेलकट खाऊ नका, ग्लुकोज प्या, वाढलं तर सरकारी दवाखान्यात जा. बाबांना हे मुळीच पटलं नाही. "डॉक्टर म्हणतो औषध नाही. मग हा डॉक्टर कशाचा?" पुढे तीस वर्षं मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काढली, हजारो पिवळ्या डोळ्यांच्या माणसांच्या बाटल्या हाताळल्या, म्हणून आज सांगते, तो डॉक्टर शंभर टक्के खरं बोलत होता. पण खरं बोलणाऱ्याचा चेहरा काही वेगळा दिसत नाही ना.

मग सुरू झाले उपचार. कुणी मुळ्याच्या पाल्याचा रस आणला. मोहिनीदादींनी कुठल्या तरी बाबाकडून काड्यांची माळ आणली, डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी ती लांब होत पोटापर्यंत येते म्हणे. बाबांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "गाठी सैल बांधल्यात. काड्या सुकल्या की सरकणारच. कावीळ असो नसो, खुंटीला टांगा, तिथेही लांब होईल." आणि खरंच खुंटीला टांगली. तिसऱ्या दिवशी ती वीतभर वाढली होती. बाबांना एवढा आनंद झाला की त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली.

पण आठवडा झाला तरी डोळे निवळेनात. शेवटी मावशीने आणलेली बातमी आईने उचलून धरली. अंबरनाथहून बदलापूरकडे जाताना चिखलोलीच्या अंगाला एक वाडी आहे, तिथे नामीबाय म्हणून म्हातारी आहे, रविवारी आणि बुधवारी काविळीचं औषध देते. तीन वेळा घ्यायचं. पैसे घेत नाही. "पैसे घेत नाही?" बाबा उठून बसले. "मग काय घेते?" आई म्हणाली, "काही नाही." "काहीच नाही म्हणजे नक्की काहीतरी असणार." मी बाबांच्याच बाजूने होते. फुकट वस्तू आमच्या बाजारात मी अजून पाहिली नव्हती. पण आई त्या दिवशी रडली. आई रडणारी नव्हे. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "चला. बघू तरी."

अंबरनाथपासून टांगा केला. वाडी लहान होती, दहाबारा कौलारू घरं, मागे टेकडी, पुढे भाताची सुकी खाचरं. नामीबाय अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. काटक, काळी, नाकात मोठी नथनी. तिने बाबांचे डोळे लांबूनच बघितले आणि म्हणाली, "कवरी वाढलीय कावील. नाव सांग."

आईने नाव सांगितलं.

"बापाचा नाव सांग. आरनाव पन सांग. पुरा सांग."

आईने सांगितलं. आमचं आडनाव ऐकलं की पुढचं कुणाला विचारावं लागत नाही. म्हातारीने मान डोलावली, ओठांतल्या ओठांत ते नाव दोनदा म्हटलं आणि म्हणाली, "बुधवारी ये. अनशापोटी." एवढंच. परत येताना स्टेशन आलं तेव्हा बाबा मला म्हणाले, "पाहिलंस सुजा? नाव पुरलं नाही. आडनाव लागलं." आई म्हणाली, "अहो, विचारलं असेल सहज." बाबा म्हणाले, "सहज काही नसतं." दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, पण बाबांचं नुसतं तोंड पोळलं नव्हतं. त्या तीन दिवसांत मी ते "आरनाव पन सांग" शंभर वेळा मनात म्हणून पाहिलं, आणि दर वेळी ते जास्त वाईट ऐकू आलं.

बुधवारी उजाडता उजाडता आम्ही पोचलो. अंगणात कोणी नव्हतं. थोड्या वेळाने म्हातारी टेकडीच्या वाटेने खाली आली. उजवी मूठ घट्ट मिटलेली, छातीशी धरलेली. आई पुढे झाली, "आजी, आम्ही आलो." म्हातारीने बघितलंच नाही. आमच्या अंगावरून, म्हणजे चांगली चार हात वळसा घालून, सरळ गोठ्याकडे गेली. आई पुन्हा म्हणाली, "आजी, रविवारी आलो होतो ते." उत्तर नाही. बाबांनी विचारलं, "ऐकू येत नाही का?" उत्तर नाही. तिने फक्त कोपराने खूण केली, तिकडे बसा, गोठ्याच्या भिंतीपाशी, घरापासून लांब. शेजारीच शेणी थापलेल्या होत्या. आम्ही बसलो. आत पाटा वाजत होता. माझ्या अंगाची नुसती आग होत होती, आणि खोटं कशाला बोलू, त्या आगीत थोडा आनंदही होता. माझा संशय खरा ठरत होता ना! शाळेत ज्या गोष्टी "पूर्वी असं होतं" म्हणून शिकवायचे, त्यातली एक माझ्या डोळ्यांसमोर चालली होती आणि मी ती पकडली होती.

म्हातारी करवंटीत हिरवा रस घेऊन आली. बाबांना हातानेच खूण केली, ओंजळ धर. बाबांनी धरली. किती कष्टाने धरली असेल ते आता कळतं. आई समोर हात जोडून उभी होती म्हणून धरली. म्हातारीने करवंटी उंच नेली, चांगली हातभर उंच, आणि बारीक धार सोडली. रस बाबांच्या ओंजळीत पडला, थोडा मनगटावरून कोपराकडे गेला. आणि मी बोलले. मोठ्याने बोलले. "बाबा, ती हात लागू देत नाहीये. वरून ओततेय!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या मनगटाकडे. आणि ओंजळ उघडली. हिरवा रस शेणाच्या जमिनीवर पडला आणि क्षणात जिरला. "चल," ते आईला म्हणाले. म्हातारीच्या तोंडातून "आं" असा एक आवाज निघाला, तिने कपाळाला हात लावला आणि ती तिथेच खाली बसली. आम्ही थांबलो नाही. वाटेत आई दबक्या आवाजात म्हणाली, "काही औषधं मुक्यानेच देतात हो. आमच्याकडेही असायची एक बाई." बाबा म्हणाले, "आणि वरूनच ओततात?" माझ्याकडे आईने ज्या नजरेने बघितलं, ती नजर मला अजून आठवते. ती मला एक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठ दिवसांत बाबा फार खाली गेले. पाणीसुद्धा ठरेना, दिवसभर ग्लानी. सरकारी दवाखान्यात भरती केलं, सलाईन लावलं. आई त्यांच्या उशाशी, मी घर आणि दवाखाना. माझं जेवण मोहिनीदादींकडे. त्या विचारायच्याच नाहीत, ताट समोर ठेवायच्या. दवाखान्यात बाबांना जरा उतार पडला, पण खायला मागेनात. मोसंबी सोलून दिली तर हातात धरून बसायचे. एका शनिवारी आई बाटली बदलायला सिस्टरला बोलवायला गेली, तेव्हा त्यांनी मला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाले, "सुजा, ती सगळ्यांनाच वरून ओतत असेल का गं?"

आमच्या घरात बाबांना कधी शंका यायची ती दुसऱ्याची. स्वतःची शंका आलेले बाबा मी पहिल्यांदा बघत होते. म्हणाले, "मी सांडलं ते बरोबर केलं की चूक, एवढं कळायला पाहिजे मला. इथे पडून पडून दुसरं काही डोक्यात येत नाही. तू जा. उद्या रविवार आहे. बघून ये. आईला सांगू नको. आणि दिसेल तेवढंच सांग, मनाचं घालू नको."

मी मावशीकडे जाते म्हणून निघाले आणि रविवारी पहाटे त्या वाडीत जाऊन पेंढ्याच्या उडव्यामागे बसले. अंगणात एक माणूस आला होता. म्हातारीच्याच भावकीतला असावा, तिला काकी म्हणत होता, डोळे पिवळे. तोही शेणींशेजारी, त्याच भिंतीपाशी बसला होता. म्हातारी टेकडीवरून आली, मूठ मिटलेली. तो म्हणाला, "आली का काकी." तिने त्याच्याकडेही बघितलं नाही. चार हात वळसा घालून गेली. तो हसला आणि गप्प बसला, त्याला ते ठाऊक होतं. मग करवंटी आली, मग ओंजळ, आणि रस हातभर वरून. त्याच्याही मनगटावरून कोपराकडे गेला. तो प्यायला आणि ओंजळ चाटली. मगच म्हातारीचं तोंड उघडलं ते बंद होईना. त्याच्या बायकोची चौकशी, खाचराची चौकशी, कोणाच्या तरी लग्नाची चौकशी. आतून स्टीलच्या पेल्यात चहा आणून दिला. तो पिऊन, पेला आत नेऊन देऊन निघून गेला.

मी उडव्यामागून हळूच मागे सरकायला लागले. आणि तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "त्या उरव्यामागं कोन हाय? ये बाहेर. मगासपासून दिसतं मना."

मी बाहेर आले. तिने लगेच ओळखलं. "सांडनाऱ्याची पोर ना गो तू? बापूस कसा हाय?" मी सांगितलं, दवाखान्यात. तिने तोंडाने च्च केलं. "डोले कवरे पिवले? खातं का काय?" अगदी बारकाईने विचारत होती, माझी आई विचारेल तसं. मग मी धीर करून विचारलं, "तुम्ही त्या दिवशी बोलला का नाही?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बोलाचा नसतं, पोरी. झार तोरला का रोगी पेईपर्यंत बोलाचा नाय, कोनाला शिवाचा नाय. गुन जातं. आदल्या दिवशी मी जाऊन झाराला सांगतं, अमक्याचा पोरगा, अमक्या आरनावाचा, त्याला उद्या तू पायजे. पुरा नाव नाय सांगितला तर झार कसा वलखल?" तिच्या वाडीत हे पोरासोरांनाही माहीत होतं. कुणाला समजावून सांगायची वेळच तिच्यावर आली नव्हती. "तुज्या बापाच्या नावाचा मी तोरला आनि त्यानं मातीत घातला," ती म्हणाली. "राग नाय मना. रोगानं मानूस तापट होतं. त्याला सांग, बुधवारी ये. मी परत बोलवीन झाराला."

किती मोठी चूक केली होती मी! आणि ही म्हातारी रागावलीसुद्धा नव्हती. मी मान हलवली. ती म्हणाली, "बस, च्या देतं तुला. कवरी लांबून आलीस," आणि आत गेली. भांड्यात चहा घेऊन आली, पण पेला आणला नाही. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यातून तिने कान तुटलेला एक कप काढला, फुंकर मारून धूळ उडवली, खाली जमिनीवर ठेवला आणि वरून चहा ओतला. "घे," म्हणाली. आवाजात माया तीच होती, मघाइतकीच. आणि उठता उठता म्हणाली, "झाल्यावं इसलून थयच थेव."

त्या झाडाचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे कधी तरी ती गेली आणि औषध तिच्याबरोबर गेलं; सांगितलं की गुण जातो म्हणून तिने सुनेलाही सांगितलं नव्हतं म्हणे. टेकडीवर आता इमारती आहेत. ओळखीचे लोक मला विचारतात, तुम्ही तिकडच्याच ना, काविळीचं गावठी औषध माहीत असेल. मी सांगते, माहीत नाही, आणि असतं तरी दिलं नसतं. असल्या रसांनी यकृताचं वाटोळं झालेली माणसं मी लॅबमध्ये बघितली आहेत, आणि नुसत्या आरामाने बरी झालेलीही, जी मग माळेचे गुण गातात. त्या हिरव्या रसात गुण होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. तो सगळ्यांना सारखा मिळत होता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दवाखान्यात पोचले तेव्हा आई खाली औषधं आणायला गेली होती. बाबा वाटच बघत होते. "बोल," म्हणाले.

रेल्वेच्या डब्यात मी सगळं क्रमाने पाठ केलं होतं. नावाचं, झाडाचं, भावकीतल्या माणसाचं, बुधवारचं. पण बाबांचा तो पिवळा, सुकलेला चेहरा बघितला आणि तोंडातून आलं ते असं, "बाबा, तिच्या माणसाला तिने घरातल्या पेल्यात चहा दिला. मला गोठ्याच्या कोनाड्यातल्या फुटक्या कपात."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाबांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "वाटलंच होतं," म्हणाले. मग डोळे उघडून म्हणाले, "मग तू काय केलंस?"

"ओतून दिला," मी म्हणाले. "तिच्यासमोर. तुमच्यासारखाच."

बाबा कोपरावर उठून बसले. सलाईनची नळी ताणली गेली. "शाब्बास! माझी पोर आहे!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून जागा झाला. ज्या प्रश्नासाठी मला पाठवलं होतं, तो त्यांनी विचारलाच नाही. त्यांनी मोसंबी मागितली. मी सोलून दिली, त्यांनी ती पूर्ण खाल्ली आणि दुसरी मागितली. आई वर आली आणि हे बघून पदराने डोळे पुसायला लागली. बुधवार आला आणि गेला. म्हातारीने झाडाला बाबांचं नाव सांगितलं असेल का, वाट बघितली असेल का, हा विचार मी त्या दिवशी शाळेत बसून केला आणि कुणाला काही बोलले नाही. बाबा बरे झाले. दीड महिना लागला.

मग ही गोष्ट बाबांनी विहारात सांगितली. पुढे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात सांगायचे. बापाने औषध सांडलं, लेकीने चहा सांडला. लोक टाळ्या वाजवायचे, बायका माझ्याकडे वळून बघायच्या. आई मात्र त्या वेळी सतरंजीची दशी ओढत बसायची. तिला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, ते तिने मला कधी समजू दिलं नाही. बाबा गेले तेव्हा शोकसभेत नव्या सेक्रेटरीने तीच गोष्ट पुन्हा सांगितली आणि म्हणाला, ती लेक आज आपल्यात बसली आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले.

आता जोडायला हात आहेत पण समोर कोणी नाही, म्हणून लिहून टाकते. तो चहा मी सांडला नव्हता. पहाटेपासून उपाशी होते, चहा गरम होता, आलं घातलेला होता, मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. आणि मग गोठ्यापाशी बादली होती, त्यातल्या पाण्याने कप स्वच्छ इसळला आणि कोनाड्यात, होता तिथेच, पालथा ठेवला.